वच्छलाबाई दगड दाखवते

वच्छलाबाईनं आयुष्यात एकशे एकोणीस विहिरी खोदल्या, पण चार पाहुण्यांसमोर उभं राहून बोलायची वेळ आली की तिच्या तोंडाला कोरड पडायची.

तिचं गाव खैरदेव. साक्रीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की सात-आठ किलोमीटरवर. गावाच्या दक्षिणेला शेताशेतांतून एक काळी भिंत जाते. कुणी बांधलेली नव्हे, दगडाची, आपोआप झालेली. कुठे दोन पुरुष उंच, कुठे तीन, माथ्यावरून बैलगाडी जाईल एवढी रुंद. लांबी विचाराल तर पूर्वेला नजर पोचते तिथवर आणि पश्चिमेलाही तशीच. मध्ये नाल्यापाशी ती तुटते आणि पलीकडच्या काठावर काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू होते. या मुलखात अशा भिंती पुष्कळ. धुळ्याहून नंदुरबारकडे जाताना एसटीच्या खिडकीतूनही दिसतात, पण त्या पाहायला म्हणून कोणी उतरत नाही.

गावातले जुने लोक सांगायचे, एका राक्षसानं ही भिंत एका रात्रीत बांधायला घेतली. कोंबडा आरवला आणि तो काम अर्धं टाकून पळाला. वच्छलाबाईला हे लहानपणापासून कधी पटलं नाही. "एका रातमा इतलं काम कोनी करस का?" ती म्हणायची. "मानसं लागतस, पानी लागस, च्यासुद्धा लागस."

तिला कामाचा अंदाज होता. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती मगनच्या घरी आली आणि आठव्या दिवशी विहिरीत उतरली. मगनची विहिरी खोदणाऱ्या सहा माणसांची टोळी होती. पुरुष घण मारायचे, सुरुंगाची भोकं पाडायचे. फुटलेला दगड टोपल्यांनी भरून लोखंडी डोलात टाकायचं काम बायकांचं. डोल भरला की वरून यारी, म्हणजे दोरखंडाचं ओढयंत्र, तो ओढून घ्यायची. दिवसभर डोक्यावर आभाळाचं एक गोल ताट आणि सभोवार दगड. दुसऱ्या बायका गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवायच्या. वच्छलाबाई दगडांकडे पाहत बसायची. वर मुरूम, मग भोकाभोकांचा राखाडी दगड, त्या भोकांत कधी पांढरे लखलखीत खडे. मग हातभर लाल गेरूचा पट्टा, त्याच्याखाली काळा पाषाण. प्रत्येक विहिरीत क्रम थोडा वेगळा, पण ओळखीचा.

हळूहळू तिचा कान तयार झाला. घणाच्या टोकानं दगडावर टकटक केलं की धड दगड खणखणीत वाजतो. आतून सुटलेला असेल तर बद्द वाजतो, आणि त्याच्याखाली उभं राहायचं नसतं. कावठीच्या शिवारातल्या एका विहिरीत तिनं असाच एक बद्द आवाज ऐकला आणि सगळ्यांना दामटून वर काढलं. मगन चिडला होता, कारण जेवणाला अजून तास होता. बिड्या ओढून होईपर्यंत म्हशीएवढी शिळा खाली कोसळली. त्या दिवसापासून टोळीत नियम झाला. रोज सकाळी आधी वच्छलाबाई उतरणार, चहूबाजूंनी ठोकून पाहणार, मग बाकीचे.

पुढे पोकलेन मशीन आलं. ज्या विहिरीला टोळीला दोन-तीन महिने लागायचे ती मशीन आठवड्यात पाडू लागलं. मगनचे गुडघे तोवर कामातून गेलेच होते. टोळी मोडली. वच्छलाबाई कांद्याच्या लागवडीला, निंदणीला जाऊ लागली. तिनं कुरकुर केली नाही, पण निंदताना तिच्या खुरप्याला एखादा खडा लागला की ती तो उचलून उजेडात धरायची, आणि शेजारची बाई म्हणायची, "वच्छला, तन निंद, दगड नको निंदू."

हे सगळं बदललं ते तिच्या सुनेमुळे. मुलगा रविंद्र शिरपूरला वायरमन, शनिवार-रविवारी घरी यायचा. त्याची बायको दिपमाला धुळ्याच्या कॉलेजातून भूगोल घेऊन बीए झालेली, गाडी चालवायला शिकलेली, आणि एका जागी बसायचा कंटाळा असलेली. एकदा कॉलेजातल्या सुलक्षणा मॅडम विद्यार्थी घेऊन भिंत पाहायला आल्या. माहितगार कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा दिपमालानं सासूला पुढं केलं. वच्छलाबाई काही भाषण करत नव्हती. ती मॅडमच्या पुढे चालत होती आणि "आठे पाय नका ठेवू", "हाऊ दगड फुटस", "तठे पानी लागस" एवढंच म्हणत होती. मॅडम मात्र मध्येमध्ये थांबून मुलांना सांगत होत्या, "लिहून घ्या."

ते पाहून दिपमालाच्या डोक्यात विचार आला. तिनं सेकंडहँड गाडी घेतली, फोनवर पान काढलं: "एक दिवस दगडांच्या मुलखात. तुमच्या कुटुंबासाठी स्वतंत्र गाडी, घरचं जेवण, सोबत माहितगार." गावात आठवडाभर हसणं चाललं. "दगड दखाले लोके पैसा देतीन?" पहिल्या महिन्यात एक नाशिकचं कुटुंब आलं आणि एक सुरतचं. दोघांनीही भिंतीवर चढून फोटो काढले आणि दीड तासात जेवणाकडे वळले. वच्छलाबाई त्यांच्यापुढे उभी राहून सुनेनं वहीत लिहून पाठ करून घेतलेलं म्हणायची. "सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी" इथवर यायची आणि अडखळायची. साठ कोटी सहा लाख तर नव्हे?

जानेवारीतल्या एका थंड सकाळी धुळ्याच्या बसस्टँडवर जळगावच्या गाडीतून एक म्हातारं जोडपं उतरलं. बन्सीलाल सोनार आणि त्यांची बायको लिलाबाई. बन्सीलाल शहात्तर वर्षांचे, पांढरा पायजमा, तपकिरी कोट, खिशाला पेन. जळगावच्या सराफ बाजारात त्यांचं जुनं दुकान. आता मुलगा गादीवर बसायचा आणि हे सकाळी तासभर जाऊन मोडीचं सोनं तपासून यायचे. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पुण्यातल्या मुलीनं, डिंपलनं, त्यांना ही सहल भेट दिली होती.

गाडीत बसल्या बसल्या बन्सीलाल म्हणाले, "डिंपल म्हणाली, बाबा, सरप्राइज आहे. मी समजलो शिर्डी."

"आणि मी समजले सप्तशृंगी," लिलाबाई म्हणाल्या.

"तिथं निदान प्रसाद तरी मिळाला असता."

दिपमाला हसून म्हणाली, "काका, जेवण आमच्याकडे चांगलं असतं." पुढच्या सीटवर बसलेल्या वच्छलाबाईनं मात्र नेसूच्या लुगड्याचा पदर घट्ट ओढून घेतला. आज पुन्हा सहा कोटी आणि साठ लाख.

कुसुंब्याच्या पुढं गेल्यावर डाव्या हाताला पहिली भिंत दिसली. दिपमालानं गाडी थांबवली. हरभऱ्याच्या शेताच्या बांधावरून चौघं चालत गेले. भिंतीपुढे उभं राहून वच्छलाबाईनं घसा साफ केला.

"नमस्कार. सुमारे सहा कोटी... सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी या भागात लाव्हारसाचे... प्रचंड... प्रचंड..."

"उद्रेक," दिपमाला हळूच म्हणाली.

"उद्रेक झाले."

बन्सीलालनी भिंतीकडे पाहिलं, वर पाहिलं, दोन्ही बाजूंना पाहिलं. "बाई, दगड आहे हा."

"हो शेठ."

"म्हणजे दगडच आहे ना? मागं काही देऊळबिऊळ?"

"नाही शेठ. दगडच."

बन्सीलाल गाडीकडे वळायला लागले. तेवढ्यात लिलाबाई पुढं आल्या आणि वच्छलाबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं माय, तू आपली भाषामा सांग ना. मी धरणगावनी शे. हाई पुस्तकनं बोलणं ऱ्हाऊ दे."

वच्छलाबाईनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं वही पर्समध्ये टाकली.

"सांगू?" वच्छलाबाई म्हणाली. "दखा अक्का. जमीनले भेग पडनी. खालथून तापेल रस वर उना आनि त्या भेगमा थिजना. मंग आजूबाजूनी मऊ जमीन पाऊसमा वाही गयी. हाई कडक व्हती, उभी ऱ्हाई गयी. इतलंच."

"इतलंच?" लिलाबाई म्हणाल्या. "मग ती आधी जमिनीच्या आत होती?"

"बठ्ठी. सगळीच आत. आपण आता जिथं उभे आहोत ना अक्का, तिथं त्या वेळी डोक्याच्याही वर जमीन होती. आपण पोटात उभे."

लिलाबाईंनी एकदम वर पाहिलं, जणू छत दिसेल. बन्सीलाल थांबले. गाडीत जाऊन बसले नाहीत, एवढं झालं.

पुढचा थांबा खैरदेवच्या शिवारातल्या दोन विहिरींचा. एक भिंतीच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. दोन्हींत अंतर शंभर पावलांचं. वरच्या विहिरीत वीस फुटांवर पाणी चमकत होतं. खालच्या विहिरीत डोकावलं तर सत्तर फूट खोल कोरडा तळ, कोनाड्यांत पारवे घुमत होते.

"या दोन्ही आम्हीच खोदल्या," वच्छलाबाई म्हणाली. आता ती बोलताना पुढं बघत होती, पायांकडे नाही. "ज्यांचं शेत, त्या नानांनी पाणी बघणारा आणला. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि नारळ या खालच्या जागेवर उभा राहिला. मगन म्हणाला, नाना, भिंत पाणी अडवते, तुम्ही वरच्या अंगाला घ्या. नाना म्हणाले, तू घण मार, अक्कल मी लावतो. सत्तर फूट गेलो आम्ही. थेंब नाही. मग पुढच्या वर्षी वर गेलो. अठराव्या फुटाला पाणी आलं आणि आमचे पाय भिजले."

"आणि नाना?" बन्सीलालनी विचारलं. हा त्यांचा दिवसातला पहिला प्रश्न.

"नानांनी पेढे वाटले. म्हणाले, बघा, मी म्हणतच होतो."

बन्सीलाल मोठ्यानं हसले. "अशी गिऱ्हाइकं आमच्याकडेही येतात." मग ते विहिरीच्या काठावर वाकले आणि विचारू लागले. तो लाल पट्टा कसला? त्या पांढऱ्या ठिपक्यांत काय आहे? वच्छलाबाईनं डबराच्या ढिगातून एक राखाडी दगड उचलून दिला. त्याच्या पोकळीत साखरेच्या खड्यांसारखे बारीक स्फटिक होते. बन्सीलालनी कोटाच्या आतल्या खिशातून भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं. गादी सुटली तरी भिंग खिशातून सुटलं नव्हतं.

"लिला, कोन बघ याचे," ते म्हणाले. "आमचा पैलू पाडणारा कारागीर असे पाडून दाखवेल का?"

मग चौघं नाल्यावर गेले. इथं भिंत तुटली होती आणि तिची आतली बाजू उघडी पडली होती. नाल्याच्या पाण्यानं ती घासून घासून गुळगुळीत केली होती. भिंतीतले दगड सरपणाची मोळी रचावी तसे आडवे एकावर एक बसलेले, प्रत्येकाला पाच-सहा कडा. मध्येमध्ये फटी.

वच्छलाबाईनं बन्सीलालचा हात धरून भिंतीच्या कडेवर ठेवला. "शेठ, हा काठ बघा. चार बोटं रुंद. हा दगड छिन्नीचं ऐकत नाही, काचेसारखा फुटतो. आता इकडे मधला बघा. खरखरीत लागतो ना? दाणा मोठा. एकच भिंत, पण काठ वेगळा आणि पोट वेगळं. असं का, ते सुलक्षणा मॅडमनी सांगितलं होतं, पण मला नीट कळलं नाही. खोटं कशाला सांगू."

बन्सीलालनी भिंग लावून काठ पाहिला, मग मधला भाग पाहिला, पुन्हा काठ पाहिला. लिलाबाई म्हणाल्या, "काय हो?"

"अगं, हे ओतकाम आहे," बन्सीलाल म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "वच्छलाबाई, चांदी वितळवून साच्यात ओतली ना, की साच्याला टेकलेला भाग पटकन निवतो. तिथं दाणा बारीक राहतो. मधला भाग सावकाश निवतो, त्याला वेळ मिळतो, दाणा मोठा होतो. मोडून पाहिलं की कळतं. ही तुमची जमिनीतली भेग म्हणजे साचा. काठ साच्याला टेकलेला. बस, दुसरं काही नाही!"

वच्छलाबाईनं भिंतीच्या काठावरून बोट फिरवलं, मग मधल्या भागावरून. तीस वर्षं ज्या दगडानं टोळीच्या छिन्न्या बोथट केल्या त्याचं कारण तिला आता कळत होतं. "म्हणजे गरम रस थंड दगडाला लागला आणि चट्‌कन थिजला?"

"चट्‌कन!" बन्सीलालनी टाळी वाजवली. "आणि थांबा, थांबा. इतका बारीक दाणा, इतका काळा... लिला, अंगठी दे."

"कोणती?"

"लग्नातली. ती बावीस कॅरेटची, मला माहीत आहे, मीच केली."

लिलाबाईंनी थोडी ओढाताण करून अंगठी काढली. बन्सीलालनी बाटलीतल्या पाण्यानं दगड ओला केला, रुमालानं पुसला आणि अंगठी त्याच्यावर ओढली. काळ्या दगडावर पिवळीधम्मक रेघ उमटली.

"कस लागला!" ते ओरडले. "अहो, कसोटीचा दगड आहे हा! आमच्या गादीवर हातभरही नाही एवढा तुकडा आहे, वडिलांच्या वेळचा, मी त्याला कुणाला हात लावू देत नाही. आणि इथं याची कोसभर भिंत उभी आहे!" त्यांनी दुसरी रेघ ओढली, मग तिसरी. दिपमाला फोनवर शूटिंग करत होती. बन्सीलाल तिच्याकडे वळून समजावू लागले, आणि बोटं ओली होती म्हणा, थंडीनं बधिर झाली होती म्हणा, अंगठी सुटली. दगडावर टिण्‌ असा आवाज झाला आणि ती एका फटीत गेली.

मग सगळे एकदम फटीपाशी. फट जेमतेम बोटाएवढी, आत अंधार. दिपमालानं मोबाइलचा उजेड टाकला. दगड दिसले, अंगठी नाही. बन्सीलालनी बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापाशी अडकलं. त्यांचा चेहरा उतरला. कोटाच्या खिशात, पायजम्याच्या खिशात, तिथं काही नाही हे माहीत असूनही त्यांनी चाचपून पाहिलं.

"पन्नास वर्षांत मी ती एकदाही काढली नव्हती," लिलाबाई म्हणाल्या. "डिंपलच्या बाळंतपणातसुद्धा नाही."

"दुसरी करून देतो, लिला. यापेक्षा..."

"दुसरी नको मला."

वच्छलाबाई तोवर पदर खोचून फटीपुढे उकिडवी बसली होती. "थोडं मागं व्हा सगळे," ती म्हणाली. ही विहिरीतली वच्छलाबाई होती, आणि तिघंही निमूट मागं झाले. तिनं बाटली मागितली आणि फटीत हळूहळू पाणी सोडलं. मग भिंतीकडे पाहत राहिली. थोड्या वेळानं हातभर खाली, उजवीकडे, दोन दगडांच्या सांध्यातून एक ओली रेघ उतरली.

"तिकडे उतार आहे," ती म्हणाली. "जड वस्तू पाण्यामागं जाते."

तिनं नाल्यातला एक गोटा उचलला आणि त्या जागेभोवतीचे दगड ठोकायला सुरुवात केली. खण. खण. खण. बद्द. तिनं पुन्हा ठोकलं. बद्द.

"हाऊ सुटेल शे. दिपे, गाडीमाधला जॅकना दांडा आन."

दिपमाला धावत गेली आणि दांडा घेऊन आली. वच्छलाबाईनं आधी वरचे तीन दगड ठोकून पाहिले. ते पक्के वाजले. मग सुटलेल्या दगडाच्या कडेला दांडा घातला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून हलवला आणि पेटीचा खण ओढावा तसा दगड बाहेर ओढला. आत ओली माती, सुकी पानं आणि एक पाल. पाल बाहेर उडी मारून पळाली आणि बन्सीलाल शहात्तराव्या वर्षी दोन पावलं मागं उडाले.

अंगठी नव्हती.

वच्छलाबाईनं हात आत घातला, कोपरापर्यंत. डोळे मिटून चाचपत राहिली. विहिरीत पाणी लागलं की गढूळ पाण्यात पडलेली छिन्नी अशीच शोधावी लागते, डोळे काही कामाचे नसतात. मातीचा गोळा बाहेर काढून तिनं तळहातावर फोडला. खडे. दुसरा गोळा काढला. खडे, एक गोगलगायीचा शंख. तिसऱ्या गोळ्यात काहीतरी पिवळं चमकलं.

लिलाबाईंनी मातीसकट तिचा हातच दोन्ही हातांत धरला. "बहिन," त्या म्हणाल्या. मग एकदम हसू फुटलं. "अहो, बघा, पालीची होता होता राहिली!"

त्यावर सगळेच हसायला लागले, बन्सीलाल सर्वांत जास्त. हसताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. अंगठी धुऊन त्यांनी स्वतः लिलाबाईंच्या बोटात घातली, आणि ती चढताना पेरापाशी अडली तेव्हा लिलाबाई म्हणाल्या, "पहिल्या वेळीही अशीच अडली होती. तेव्हा तुम्ही लाजला होता."

वच्छलाबाई दगड परत जागेवर बसवू लागली. "तो राहू द्या ना," दिपमाला म्हणाली. "नाही," वच्छलाबाई म्हणाली, "पुढच्या पावसात वरचे खाली येतील." बन्सीलालनी कोट काढून लिलाबाईंकडे दिला, बाह्या वर केल्या आणि दगडाची दुसरी बाजू धरली. आयुष्यभर तोळ्यामाशाचं वजन उचललेले हात. दगड त्यांना झेपत नव्हता, पण त्यांनी सोडला नाही. फटींत चिपा ठोकून वच्छलाबाईनं तो घट्ट केला, वरून गोट्यानं ठोकून पाहिला. आता तो बराचसा खणखणीत वाजत होता.

जेवायला घरी पोचायला अडीच वाजले. मगन ओट्यावर बाजेवर बसून वाट पाहत होता. उशीर का झाला ते ऐकल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "भिंत पाडी आनी का?" आत घराच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी टोळीचा जुना फोटो. त्यात सहा माणसं यारीपुढे उभी, आणि वच्छलाबाई एका कडेला घण घेऊन. लिलाबाई तो फोटो कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, डाळीचे वाफवलेले फुनके, कढी, मिरचीचा ठेचा. वच्छलाबाई म्हणाली, "जळगावच्या माणसाला वांग्याचं भरीत वाढायची माझी काही छाती झाली नाही." बन्सीलालनी तीन भाकरी खाल्ल्या. जेवणानंतर ते आणि मगन बाजेवर शेजारी बसले आणि सुरुंगाची दारू किती आणि भट्टीची आच किती यावर बोलत राहिले. दोघांनाही थोडं कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते बोलणं अर्ध्या गल्लीला ऐकू येत होतं. साडेचारची गाडी चुकली, सहाची मिळाली.

त्या दिवसानंतर दिपमालानं वही बाहेर काढली नाही. वच्छलाबाई पाहुण्यांना आधी विचारायची, तुमचा धंदा काय. केळीवाला चोपड्याचा निघाला तर त्याला ती मातीपासून सुरुवात करून सांगायची. पाचोऱ्याचे निवृत्त रेल्वे गार्ड आले तर त्यांना रुळाखालची खडी आणि ही भिंत एकाच जातीची कशी, ते दाखवायची. माणूस आपल्या कामाच्या वाटेनं दगडापर्यंत लवकर येतो, हे तिला नाल्यावर कळलं होतं. काठ आणि पोट समजावताना मात्र ती दर वेळी म्हणायची, "हे मला जळगावच्या बन्सीलाल शेठनी शिकवलं." सुलक्षणा मॅडम पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी ते चांदीच्या साच्याचं उदाहरण वहीत उतरवून घेतलं.

होळीच्या सुमारास बन्सीलाल आणि लिलाबाई परत आले. या वेळी सराफ बाजारातली सतरा माणसं घेऊन, मिनीबस करून. नाल्यावर पोचताच त्यांनी सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं केलं आणि हात मागं बांधून सुरू झाले. "तर मंडळी, ही भेग म्हणजे साचा..." पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. वच्छलाबाई एका गोट्यावर बसून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "शेठ, सगळं बरोबर सांगताय. पण तुम्ही ज्याच्याखाली उभे आहात तो दगड मी अजून ठोकला नाही."

बन्सीलाल व्याख्यान अर्धं सोडून चार पावलं बाजूला झाले आणि सतरा सराफ हसून लोटपोट झाले. मग कस पाहायला प्रत्येकानं आपापली अंगठी काढली. लिलाबाईंनी मात्र सगळ्यांना आधी फटींपासून दोन हात मागं उभं केलं आणि मुठी घट्ट धरायला सांगितल्या.

परवा गावातलीच शेवंताबाई वच्छलाबाईच्या दारात येऊन उभी राहिली. शेवंताबाई त्या भिंतीच्या सावलीत चाळीस वर्षं बकऱ्या चारते. इकडचं तिकडचं बोलून झालं, चहा झाला, तरी ती उठेना.

"काय शे, बोल ना," वच्छलाबाई म्हणाली.

"जळगावना लोके येतस, सुरतना येतस," शेवंताबाई म्हणाली. "मी रोज तठेच ऱ्हास. पन मले कोनी ती भिंत दखाडीच नही."

रविवारी सकाळी दिपमालानं गाडी काढली. खरं तर चालत दहा मिनिटांचा रस्ता, पण शेवंताबाई म्हणाली, पाहुणी म्हणून जायचं तर गाडीतूनच. ती नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. बकऱ्या मागून आल्या.